टीव्हीची गोष्ट रेडिओवर: आवाजामागची माणसं



टीव्ही आपल्या वाडीवस्तीवर कसा आला, यावर आपण रेडिओवर गप्पांचे काही भाग केले. ते ऐकून महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बऱ्याच गटांमधून एकच प्रश्न आला, "ताई, हे सगळं करतं कोण? आणि आम्हाला जमेल का?" आजचं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आधी सांगते, आपल्याकडे टीव्ही कोणी उभा केला. मग सांगते, त्याच्या आठवणींचा कार्यक्रम रेडिओवर करायला कोण कोण लागतं. आणि शेवटी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून.

टीव्ही आला तो रेडिओच्या घरातून

आपल्याला वाटतं, रेडिओ वेगळा आणि टीव्ही वेगळा. पण आपल्या देशात टीव्ही हे रेडिओचंच धाकटं भावंड. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं, ते आकाशवाणीचाच एक भाग म्हणून. पुढे जवळजवळ सतरा वर्षं दोघांचं बिऱ्हाड एकच होतं. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. घरातला धाकटा वेगळा राहायला गेला, असंच म्हणा ना.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, गांधी जयंतीच्या दिवशी. दिल्लीनंतर तेरा वर्षांनी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यालाही मुंबईचा टीव्ही दिसायला लागला.

आता टीव्हीचं शिक्षण घेतलेली माणसं तेव्हा आणणार कुठून? मग रेडिओवर बोलणारी, नाटकात काम करणारी, लिहिणारी माणसं तिकडे गेली. पु. ल. देशपांडे आपल्याला पुस्तकांमुळे आणि नाटकांमुळे माहीत. पण ते आकाशवाणीत नोकरीला होते, आणि दिल्लीत टीव्ही अगदी नवा असताना तिथे निर्माते म्हणूनही त्यांनी काम केलं.

मुंबई आकाशवाणीवर 'वनिता मंडळ' आणि 'कामगार सभा' हे कार्यक्रम टीव्हीच्या आधीपासून चालू होते. 'पुन्हा प्रपंच'मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी तर आपल्या सासवांच्या घरातलेच होते. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे ते आवाज. त्यांचे चेहरे कोणी पाहिले नव्हते, तरी मीनावहिनी कशी दिसत असेल हे प्रत्येकीला ठाऊक होतं! घरातल्या साध्या बोलण्यातून माणसाला धरून ठेवायचं, ही विद्या रेडिओची. टीव्हीने ती तिथूनच उचलली.

पडद्यावरचे आणि पडद्यामागचे

आमच्या गप्पांत मी बायकांना विचारलं, सुरुवातीच्या टीव्हीवरचं कोण आठवतं? बातम्या देणारे प्रदीप भिडे सगळ्यांना आठवले. १९७४ पासून किती वर्षं त्यांचा आवाज आपल्या घरात होता. काहींना स्मिता पाटील आठवली. सिनेमात जायच्या आधी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. भक्ती बर्वेही बातम्या वाचायच्या. 'चिमणराव'मधले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे आठवले. तबस्सुम आठवली. तिचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' १९७२ पासून १९९३ पर्यंत चालला. एवढ्या मोठ्या नटनट्या तिच्यासमोर घरच्यासारख्या बोलायच्या.

मग मी विचारलं, हे कार्यक्रम बनवत कोण होतं? सगळ्या गप्प.

मैत्रिणींनो, तीच नावं सांगायची म्हणून आपण एक अख्खा भाग केला. 'गजरा' म्हटलं की विनायक चासकर. 'चिमणराव' पडद्यावर आणलं विजया जोगळेकर-धुमाळे यांनी. सत्तरच्या दशकात एक बाई कॅमेरे, दिवे, नट, वेळ हे सगळं सांभाळून अख्ख्या महाराष्ट्राला हसवत होती, ही गोष्ट आपल्या मुलींना कळायला हवी. 'प्रतिभा आणि प्रतिमा' सुहासिनी मुळगावकर यांचं. 'शब्दांच्या पलीकडले' अरुण काकतकर यांचं. आणि 'ज्ञानदीप' आकाशानंद यांचं.

'ज्ञानदीप'बद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते आपल्या कामाच्या जवळचं आहे. हा कार्यक्रम बघून लोक उठून गेले नाहीत. गावोगावी, वस्तीवस्तीत त्यांनी ज्ञानदीप मंडळं काढली. एकत्र बसून बघायचं, चर्चा करायची आणि आपल्या भागात काहीतरी करायचं.

याच्याही आधी, १९५६ साली, पुणे आकाशवाणीने असाच एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बनवली. त्यांच्यासाठी ठरलेल्या दिवशी खास कार्यक्रम लागायचा. मंडळाने तो एकत्र ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि आपलं म्हणणं केंद्राला कळवायचं. युनेस्कोने त्याला मदत केली होती. आपण गटाच्या बैठकीत गोल करून बसतो, विषय घेतो, ठराव लिहितो, ते यापेक्षा फार वेगळं नाही. म्हणून मी म्हणते, कार्यक्रमामागच्या माणसांत ऐकणारी माणसंही धरायची.

डोंगर आडवा आला

आता आपल्या भागाचं बोलू. मुंबईत १९७२ ला टीव्ही आला, मग आपल्याकडे यायला एवढी वर्षं का लागली? पैसा नव्हता, वीज सगळीकडे नव्हती, हे तर खरंच. पण आणखी एक कारण आहे. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्यामागे सावली पडते, जशी उन्हाची पडते. आपण तर सह्याद्रीच्या पायथ्याशी. इकडे वरंध, तिकडे आंबेनळी, खाली कशेडी. सावित्रीच्या खोऱ्यात बसलेल्या गावाला मुंबईचा मनोरा कुठून दिसणार?

रेडिओच्या मध्यम लहरींचं तसं नाही. त्या जमिनीला धरून लांबवर जातात. म्हणून टीव्ही दिसत नव्हता तेव्हाही आपल्या खोऱ्यात आकाशवाणी ऐकू यायची. मात्र आपला सामुदायिक रेडिओ एफएमवर चालतो आणि एफएमची चाल टीव्हीसारखीच. त्यात सामुदायिक केंद्राला साधारण १०० वॅटची परवानगी असते. सपाटीवर दहाएक किलोमीटर आवाज जातो, पण डोंगरापलीकडच्या वाडीला खरखर ऐकू येते. "ताई, तुमचं केंद्र लागत नाही" अशी तक्रार येते ना, तिचं कारण हे. म्हणूनच आपली ही भाषणं मासिकात छापतात. आवाज पोचत नाही तिथे कागद पोचतो.

१९८२ ला दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत टीव्ही आला. १९८३ ला इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला. मग मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत उड्या मारत यायची गरज राहिली नाही. उपग्रहावरून कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि छोट्या प्रक्षेपकावरून आसपास सोडायचा, असं सुरू झालं. १९८४ नंतर असे प्रक्षेपक देशभर झपाट्याने उभे राहिले.

पण आपल्या बायकांच्या आठवणीतला टीव्ही उपग्रहावरून आला नाही. तो आला चाकरमान्यांच्या हातून! गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून येताना एसटीच्या टपावर गोधडीत गुंडाळून. वीज नसेल तर गाडीच्या बॅटरीवर चालायचा. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवणार, खालून दुसरी ओरडणार, "आलं, आलं... गेलं! परत मुंग्या!" हे ज्यांनी केलंय त्या आत्ता हसत असतील.

आमच्या गप्पांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडचे कितीतरी पुरुष वरळी, परळ, लालबागच्या गिरण्यांत होते. दूरदर्शनचं केंद्र वरळीलाच. म्हणजे घरधनी टीव्हीच्या मनोऱ्याखालून रोज कामाला जात होता, आणि त्याच्या बायकोला टीव्ही म्हणजे काय ते माहीत नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. किती घरांतली माणसं गावी परत आली, ती कायमचीच. एका काकूंनी सांगितलं, "मुंबईची खोली सोडली तवा ह्यांनी दोनच वस्तू आणल्या. एक पत्र्याची ट्रंक आनि एक टीव्ही. टीव्ही इकला नाय, बाकी सगला इकला." टीव्हीचा इतिहास म्हणजे हेसुद्धा, मैत्रिणींनो. तो नुसता मालिकांच्या नावांचा नाही.

एका कार्यक्रमाला किती हात लागतात

आता आपल्या कार्यक्रमाकडे येते. अर्ध्या तासाच्या गप्पा ऐकताना तुम्हाला दोन आवाज ऐकू येतात, एक विचारणारी आणि एक सांगणारी. त्यांच्यामागे आणखी चार-पाच जणी असतात.

पहिली, माणसं शोधणारी. आमच्याकडे हे काम गटाच्या सचिवच करतात. कोणाकडे पहिला टीव्ही आला, कोण बोलकी आहे, कोणाचं ऐकू येणं आता कमी झालंय, हे त्यांनाच ठाऊक असतं.

दुसरी, विचारणारी. तिने कमी बोलायचं. "तुम्हाला आनंद झाला का?" असं विचारलं की "हो" एवढंच उत्तर येतं. "टीव्ही कुठे ठेवला होता? पुढे कोण बसायचं, मागे कोण?" असं विचारलं की गोष्ट सुरू होते. कोण कुठे बसायचं यावरून तर खूप काही कळतं. एका वाडीत पुरुष घरात आणि बायका पडवीत बसायच्या. एका ठिकाणी काही घरांतल्या मुलांना उंबऱ्याबाहेरूनच बघायला लागायचं. सांगताना त्या मावशींचा आवाज बदलला. चवदार तळ्याच्या महाडात राहून आपण हे ऐकलं नाही असं करायचं का? आम्ही तो भाग कापला नाही. मावशींना विचारून तसाच लावला.

तिसरी, फोन सांभाळणारी. आम्ही साध्या मोबाइलवरच आवाज घेतो. पंखा बंद, कोंबड्या बाहेर, मिक्सर बंद. फोन विमानाच्या खुणेवर ठेवायचा, नाहीतर मध्येच कोणाचा तरी फोन येतो.

चौथी, तारखा तपासणारी. हे काम सगळ्यात किचकट. माणसाला साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. म्हणून आम्ही प्रसंगांना धरून चालतो. टीव्ही आला तेव्हा संप झाला होता का? म्हणजे १९८२ नंतर. इंदिरा गांधी गेल्या ते टीव्हीवर बघितलं का? म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८४ च्या आधी टीव्ही आला होता. 'रामायण' पहिल्या भागापासून बघितलं का? ते २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं. 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ला. असे खुंटे ठोकले की दोन सालांच्या मध्ये गोष्ट बरोबर बसते.

पाचवी, कापणारी आणि जोडणारी. तासाभराच्या बोलण्यातून वीस मिनिटं काढायची. काय ठेवायचं त्यापेक्षा काय कापायचं याचा त्रास जास्त.

शेवटची, नावं वाचणारी. यावर आमची वादावादी झाली. बऱ्याच जणी म्हणाल्या, "आमचं नाव नको, गटाचं सांगा. घरात काय म्हणतील?" ज्यांना नको त्यांचं नाव घ्यायचं नाही, हे पक्कं. पण मी एवढंच म्हटलं, 'गजरा' आठवतो आणि चासकर आठवत नाहीत, कारण आपण शेवटच्या पाट्या कधी वाचल्याच नाहीत. मग तिसऱ्या भागाला चौघींनी नाव सांगायला होकार दिला. एकीच्या सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "आडनाव का नाय सांगितलं?"

माझी चूक

आता ती चूक. आमच्या भागातल्या एक आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे. लग्नानंतर काही वर्षं त्या मुंबईला चाळीत राहिल्या होत्या. चाळीत पहिला टीव्ही आला तेव्हा सगळा मजला एका खोलीत कसा मावला, बातम्या देणारी बाई आपल्याकडेच बघते म्हणून त्या पदर कसा सावरून बसायच्या, हे त्यांनी मला तासभर सांगितलं. त्यातली सात-आठ मिनिटं कार्यक्रमात लागली. बाकी आवाज माझ्या फोनमध्ये होता.

पुढे फोन भरला. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं, बैठकांचे फोटो, हजेरीपत्रकं. "जागा शिल्लक नाही" असं येत होतं आणि मला त्याच दिवशी गटांचे फोटो पाठवायचे होते. मी एक सबंध फोल्डर निवडला आणि पुसला. आजींचा तास त्यात गेला, हे मला दोन महिन्यांनी कळलं. कळलं कसं? आजी वारल्या. दिवस झाल्यावर त्यांचा नातू आला आणि म्हणाला, "ताई, आजीचा आवाज आहे ना तुमच्याकडे? आमच्याकडे फोटो आहेत, आवाज नाही." मी त्याला ती सात-आठ मिनिटं दिली. बाकीचं नाही, हे सांगताना मला मान वर करता आली नाही.

गटाच्या वहीत एक रुपया इकडचा तिकडे झाला तर आपण रात्रभर हिशोब जुळवतो. आणि एका बाईच्या आयुष्याचा तास मी दहा सेकंदांत पुसला.

अशी चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात व्हिडिओ टेप फार महाग असायची. कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरायची, ही जगभरची रीत होती. कितीतरी कार्यक्रम तर थेट व्हायचे, त्यांची टेपच नसायची. आपल्याकडचं बरंच जुनं असंच गेलं. इंग्लंडात बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसून टाकले. नव्वदच्या आसपास भागांची चित्रं हरवली. पण त्या सगळ्या भागांचा आवाज आज शिल्लक आहे. का माहीत आहे? काही प्रेक्षकांनी घरी बसून आपल्या टेपरेकॉर्डरवर आवाज भरून घेतला होता. एवढ्या मोठ्या संस्थेने जे ठेवलं नाही, ते घरच्या माणसांनी ठेवलं.

आपण घरची माणसं आहोत. १९२७ च्या २० मार्चला चवदार तळ्यावर काय घडलं, ते आपल्याला कळतं, कारण कोणीतरी लिहून ठेवलं. या भागातले कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारख्यांनी आपल्या आठवणी मागे ठेवल्या. आणि न ठेवलेल्याचं काय होतं, तेही आपण बघितलंय. २०२१ च्या जुलैत महाडच्या पुरात टीव्ही गेले, फोटोंचे अल्बम गेले, गटांच्या वह्या चिखलात गेल्या. टीव्ही नवीन घेता आला. अल्बम नाही आला.

तुम्ही काय करायचं

या चुकीनंतर आम्ही काही नियम केलेत. ते तुमच्या गटाच्या वहीत लिहून घ्या.

आवाज घेतला त्याच दिवशी तो तीन ठिकाणी ठेवायचा: फोनमध्ये, केंद्राच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हमध्ये. पेन ड्राइव्ह दुसऱ्या गावात ठेवायचा, उंचावरच्या घरात. सगळं एकाच कपाटात ठेवलं आणि पाणी आलं, तर तिन्ही एकदम जाणार.

फाइलला नाव द्यायचं: गाव, तारीख, विषय. नुसते आकडे असलेली फाइल कोणीतरी पुसणारच, जशी मी पुसली.

सुरुवातीलाच सांगणारीची परवानगी तिच्याच आवाजात घ्यायची. काय लावायचं, काय नाही, हे तिने ठरवायचं.

कापलेला भाग टाकायचा नाही. कार्यक्रम वीस मिनिटांचा, पण मूळ तास तिच्या घरच्यांचा असतो. त्याची एक प्रत त्यांना द्यायची.

आणि पहिली मुलाखत सगळ्यात म्हाताऱ्या बाईची घ्यायची. सरपंचबाईंची नंतर घेतली तरी चालेल.

आम्हाला जमेल का, असं तुम्ही विचारलं होतं. तेलंगणातल्या माचनूर गावात २००८ पासून दलित बायका संघम रेडिओ चालवतात. सरकारने २००६ साली संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी द्यायचं ठरवलं आणि दोन वर्षांत त्या बायका केंद्र चालवायला बसल्या. शेतातली कामं करणाऱ्या बायका त्या. आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. त्यांना जमलं. तुम्ही तर दर महिन्याला पन्नास सह्या, शंभर नोंदी आणि बँकेचा साहेब, एवढं सांभाळता!

पुढच्या बैठकीत बचत गोळा करून झाली की शेवटची दहा मिनिटं ठेवा. सगळ्यात मोठ्या काकूंना विचारा, "तुमच्याकडे पहिल्यांदा टीव्ही आला तेव्हा तो कुठे ठेवला होता?" फोन चालू करून मध्ये ठेवा आणि गप्प बसा. बाकी त्या सांगतील.

आणि फोन भरला, तर आधी शुभेच्छांची चित्रं पुसा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.